घरखर्चाचा हिशेब आणि संगणकावरील खेळ
(इयत्ता सहावी व सातवीसाठी पाठ-योजना)

प्रास्ताविक

सातवीतील विद्यार्थी सरळव्याजाचे उदाहरण फळ्यावर बिनचूक सोडवितो. परंतु त्याच दिवशी सायंकाळी घरी बचत गटाच्या कर्जाची चर्चा चालली असता ती आपल्या फळ्यावरील उदाहरणाचीच गोष्ट आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही. मुद्दल, मुदत, दर व व्याज हे शब्द त्याच्या दृष्टीने पुस्तकातील असतात. हप्ता, उसनवार, गहाण आणि नड हे शब्द घरातील असतात. या दोन शब्दसमूहांची गाठ घालून देणे हे शिक्षकाचे कार्य होय. ते झाले नाही तर गणितात पहिला आलेला मुलगाही पुढे कागद न वाचता अंगठा उमटविणाऱ्या आजोबांच्याच वाटेने जातो. फरक एवढाच, की तो अंगठ्याऐवजी सही करतो.

या कार्याची निकड आज वाढली आहे. ज्या घरात वडीलधाऱ्यांस वाचता येत नाही, तेथे मोबाईलवर आलेला संदेश वाचणे, पैसे पाठविणे, वीजबिल भरणे ही कामे बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडेच येतात. घराची तिजोरी नकळत त्याच्या हाती आलेली असते. त्याच मोबाईलवर खेळही असतात. काही उपकारक, काही निरुपद्रवी व काही घातक. यास्तव खेळाच्या द्वारे पैशाचे शिक्षण कसे द्यावे, आणि पैशाच्या खेळापासून मुलांस दूर कसे ठेवावे, या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्र करणे अगत्याचे आहे.

खेळातून व्यवहारशिक्षण

खेळाच्या पटावर जीवनाचे धडे देण्याची कल्पना आपणांस नवी नाही. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट परंपरेने श्रीज्ञानदेवांच्या नावाशी जोडला जातो. त्यात सद्गुणाची शिडी वर नेते व दुर्गुणाचा साप खाली आणतो. पैशाच्या व्यवहारासाठीही असे पट निघाले. अमेरिकेतील लिझी मॅगी या स्त्रीने जमीनमालकीचा एक खेळ रचून १९०४ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. जमीन थोड्यांच्या हाती गेली म्हणजे खंड भरता भरता बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांस दाखवावे, हा तिचा हेतू होता. १९३५ पासून याच घाटाचा खेळ ‘मोनॉपली’ या नावाने बाजारात आला, आणि आपल्याकडे ‘व्यापार’ या नावाने मुले जो डाव खेळतात तो त्याच वंशातील आहे. मूळ हेतू मात्र वाटेत गळून पडला. मुले दुसऱ्यास कंगाल करण्यातच आनंद मानू लागली. खेळ तोच असला तरी त्यावर झालेली चर्चा निराळी असेल तर त्याचे शिक्षण निराळे होते, हा बोध यातून शिक्षकाने घ्यावा.

संगणकावरील दोन खेळ येथे लक्षात घेण्याजोगे आहेत.

पहिला ‘लेमोनेड स्टँड’. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बॉब जेमिसन यांनी तो १९७३ मध्ये रचला. त्या काळी शाळेत संगणक नसे; टंकयंत्रासारखे एक यंत्र दूरध्वनीच्या तारेने दूरच्या मोठ्या संगणकाशी जोडलेले असे. खेळणाऱ्यास आरंभी दोन डॉलर मिळत. त्या दिवसाचे हवामान पाहून सरबताचे पेले किती करावयाचे, जाहिरातीच्या पाट्या किती लावावयाच्या आणि पेल्यास भाव काय ठेवावयाचा, एवढ्या तीनच गोष्टी त्याने ठरवावयाच्या. पाऊस आला की केलेले सरबत वाया जाई. आपल्या विद्यार्थ्यांस हा खेळ समजावयास वेळ लागत नाही. जत्रेत उसाच्या रसाचे किंवा लिंबू सरबताचे दुकान कोणी पाहिलेले नाही? भांडवल, खर्च, विक्री, नफा आणि जोखीम या पाचही कल्पना त्यात आपोआप येतात.

दुसरा ‘स्पेंट’. उत्तर कॅरोलिनातील डरहॅम या शहरी निराधारांसाठी काम करणाऱ्या ‘अर्बन मिनिस्ट्रीज ऑफ डरहॅम’ या संस्थेने मॅकिनी या जाहिरात-कंपनीच्या साहाय्याने तो २०११ मध्ये महाजालावर खुला केला. यात खेळणारा हा नोकरी गेलेला गृहस्थ असतो. जवळ शेवटचे एक हजार डॉलर आहेत आणि महिना काढावयाचा आहे. शहरात राहावे तर भाडे अधिक. दूर राहावे तर भाडे कमी, पण जाण्यायेण्याचा खर्च अधिक. पुढे रोज काहीतरी उपटते: मूल आजारी पडते, गाडी बिघडते, बिल येते. प्रत्येक वेळी पर्याय दोन-तीनच, आणि त्यांतील एकही सुखाचा नाही.

पहिला खेळ मिळवावयास शिकवितो, दुसरा निभवावयास. आपल्या मुलांस दोन्हींची गरज आहे. परंतु घरखर्चाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याचा घाट विशेष उपयोगी असल्याने पुढील पाठ त्यावर आधारलेला आहे. मूळ खेळ इंग्रजीत असून त्यातील घर, नोकरी व दवाखाना परक्या देशातील आहेत. म्हणून मुलांस प्रथम आपल्या घराचा खेळ द्यावा व नंतर परक्या घराचा दाखवावा. ज्ञाताकडून अज्ञाताकडे हे सूत्र येथेही सोडू नये.

नमुना पाठ : ‘महिना कसा निभावेल?’

उद्दिष्टे : (१) जमाखर्च मांडता येणे. (२) आवश्यक, पुढे ढकलता येण्याजोगा व टाळता येण्याजोगा खर्च ओळखणे. (३) कर्जाचा दर रुपयांत काढता येणे. (४) खर्चाच्या निर्णयाचा भार घरातील कोणावर पडतो, याचा विचार करणे.

साहित्य : चार चिठ्ठ्या, गटागणिक एक जमाखर्चाचा तक्ता, फळा. शाळेत संगणक किंवा मोठा पडदा असल्यास तिसऱ्या तासिकेत त्याचा उपयोग करावा. नसल्यास शिक्षकाने आपल्या मोबाईलवर खेळ उघडून प्रसंग मोठ्याने मराठीत सांगावा व वर्गाने हात वर करून निर्णय द्यावा.

वेळ : तीन तासिका.

पूर्वतयारी : फळ्यावर एका काल्पनिक कुटुंबाची माहिती लिहावी. आईवडील, आजी, सातवीतील मुलगी व चौथीतील मुलगा अशी पाच माणसे. महिन्याची कमाई १२,००० रुपये. ठरलेला खर्च येणेप्रमाणे : किराणा ४,५००, भाजीपाला व दूध १,८००, गॅस ९००, प्रवास ८००, आजीचे औषध ७००, वीज ५००, मोबाईल ३००. एकूण ९,५०० रुपये. ही बेरीज मुलांकडूनच करून घ्यावी. शिल्लक २,५०० रुपये राहते, हे ऐकताच मुलांस कुटुंब सुखवस्तू वाटू लागते. त्यांस तसे वाटू द्यावे.

विकास : वर्गाचे तीन-चार गट करावेत. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एक आठवडा. चिठ्ठी वाचल्यावर गटाने दोन मिनिटांत निर्णय घेऊन तक्त्यात नोंदवावा. काही खर्च पुढे ढकलण्याची मुभा आहे. पुढची चिठ्ठी अगोदर उघडावयाची नाही.

पहिली चिठ्ठी : नात्यात लग्न आहे. आहेर कमीत कमी ५०० रुपये. शेजाऱ्यांच्या बरोबरीने करावयाचा तर १,५०० रुपये.
दुसरी चिठ्ठी : मुलीची सायकल मोडली. दुरुस्तीस ६०० रुपये. शाळा चार किलोमीटर दूर आहे.
तिसरी चिठ्ठी : पावसामुळे काम बंद राहिले. ८०० रुपये मजुरी बुडाली.
चौथी चिठ्ठी : वडिलांना ताप. डॉक्टर व औषधे मिळून १,२०० रुपये.

पैसे कमी पडल्यास दोन ठिकाणी कर्ज मिळते : बचत गटाकडे दरमहा शेकडा दोन दराने आणि सावकाराकडे दरमहा शेकडा पाच दराने. गट मात्र थकबाकी नसलेल्या सभासदासच कर्ज देतो, असे सांगावे. हे दर खेळापुरते आहेत. गावातील खरे दर मुलांनी नंतर विचारून यावेत.

संकलन : दुसऱ्या तासिकेत प्रत्येक गटाने आपला तक्ता वाचून दाखवावा. पुढील संवाद नमुन्यादाखल दिला आहे. असे प्रश्नोत्तर प्रत्येक वर्गात थोडेफार निराळे होईल. प्रश्नांचा क्रम मात्र साधारण हाच राहावा.

शिक्षक : दुसऱ्या गटाचा हिशेब तंतोतंत जुळला. कर्ज शून्य, शिल्लक शून्य. हे कसे साधले?
गटप्रमुख : आहेर पाचशेच केला, गुरुजी. आणि सायकल पुढच्या आठवड्यात करू म्हटले.
शिक्षक : पुढच्या आठवड्यात केली?
गटप्रमुख : मग पाऊस आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात बाबांना ताप.
शिक्षक : म्हणजे सायकल दुरुस्त करावयाची नाही, असे तुम्ही कधी ठरविले?
गटप्रमुख : ठरविले नाही. तसे झाले.
शिक्षक : मुलगी शाळेस कशी गेली?
एक मुलगा : चालत.
एक मुलगी : नाही गेली, गुरुजी. घरीच राहिली. आजीपाशी कोणीतरी लागतेच की.

येथे शिक्षकाने क्षणभर थांबावे. उपदेश करू नये, गटास दोषही देऊ नये. ज्या मुलीने उत्तर दिले तिला अधिक प्रश्न विचारू नयेत; ते उत्तर कोठून आले हे ती जाणते. नंतर पुढे जावे.

शिक्षक : पहिल्या गटाने काय केले?
गटप्रमुख : आम्ही सायकल लगेच दुरुस्त केली. शेवटी सहाशे रुपये कमी पडले. बचत गटातून घेतले.
शिक्षक : सहाशेचे एका महिन्याचे व्याज किती?
गटप्रमुख : शेकडा दोनप्रमाणे बारा रुपये.
शिक्षक : पुढच्या महिन्यात परत किती करावयाचे?
गटप्रमुख : सहाशे बारा.
शिक्षक : मग मुलीची महिनाभराची शाळा राखण्यास या घरास जादा किती रुपये पडले?
वर्ग : बारा रुपये.

हा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा. मुलीची शाळा बहुधा कोणी ठरवून बंद करीत नाही. ती एकेक आठवडा पुढे ढकलली जाते. तिची किंमत कोणी रुपयांत मांडून पाहिलेली नसते, म्हणूनच हे घडते. हिशेब जुळणे निराळे आणि हिशेब योग्य असणे निराळे, हे या पाठाचे सार आहे.

तिसऱ्या गटाने १,५०० रुपयांचा आहेर करून सायकलही दुरुस्त केली असेल, तर त्यास १,६०० रुपये कमी पडतील. सावकाराकडून घेतल्यास महिन्याचे व्याज ८० रुपये. मुद्दल न फेडता वर्षभर केवळ व्याजच भरले तर ९६० रुपये जातात आणि १,६०० रुपये देणे तसेच उभे राहते. ‘शेकडा पाच’ हा दर कानास लहान वाटतो. वर्षाचा दर शेकडा ६० होतो, हे मुलांनी स्वतः काढावे. कर्जाचा दर सांगणाऱ्यास ‘दरमहा की दरसाल?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तरी पाठ सफल झाला असे समजावे.

शेवटी विचारावे : चार महिने अगोदर या घराने काय केले असते तर कर्ज लागले नसते? दरमहा दीडशे रुपये बाजूला ठेवले असते तर चार महिन्यांत सहाशे झाले असते, हे उत्तर मुले स्वतः देतात. बचतीवरील निबंधाने जे साधत नाही ते या एका गुणाकाराने साधते.

तिसरी तासिका : आता ‘स्पेंट’मधील काही प्रसंग दाखवावेत अथवा सांगावेत. डरहॅमच्या गृहस्थाचा महिना आणि आपल्या कुटुंबाचा महिना यांत साम्य कोणते व भेद कोणते, याची दोन स्तंभांत नोंद करावी. श्रीमंत म्हणून ठाऊक असलेल्या देशातही माणसास आजारपण व घरभाडे यांत निवड करावी लागते, हे कळल्यावर गरिबी ही केवळ आपल्या गावाची किंवा आपल्या घराची लाज आहे, ही भावना मुलांच्या मनातून थोडी तरी कमी होते.

पैशाचे खेळ : एक आवश्यक इशारा

खेळाने शिकविणे निराळे आणि पैसे लावून खेळविणे निराळे. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी कायदा संमत केला. त्यात शैक्षणिक व करमणुकीच्या खेळांस उत्तेजन आणि पैसे लावून खेळावयाच्या खेळांस मनाई, असा स्पष्ट भेद केला आहे. असे पैशाचे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. डाव कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद या मनाईच्या आड येत नाही. तथापि कायद्याचे कलम सांगून मुलाची ओढ सुटत नाही. त्यास गणिताने पटवून द्यावे लागते. त्यासाठी पुढील प्रयोग सोपा आहे.

दहा मुलांस प्रत्येकी दहा चिंचोके द्यावेत. प्रत्येक फेरीत सर्वांनी आपापले चिंचोके मध्ये ठेवावेत, शिक्षकाने ‘चालकाचा वाटा’ म्हणून एकूण चिंचोक्यांचा दहावा भाग जवळच्या पूर्णांकात काढून घ्यावा आणि उरलेले चिंचोके चिठ्ठी टाकून मुलांत वाटावेत. कोणास अधिक मिळतील, कोणास मुळीच मिळणार नाहीत. ज्याच्याजवळ काही उरले नाही त्याने बाजूस बसून पाहावे. फळ्यावर मात्र एकूण चिंचोकेच लिहीत जावे : १००, ९०, ८१, ७३, ६६, ५९, ५३, ४८. सात फेऱ्यांत निम्म्याहून अधिक चिंचोके शिक्षकाच्या टेबलावर जमा होतात. दरम्यान दोघेतिघे जिंकल्याच्या आनंदात असतात व वर्गाचे लक्ष त्यांच्याकडेच असते. जिंकणारा दिसतो, गळती दिसत नाही. मोबाईलवरील जाहिरातीतही जिंकणाराच दाखवितात. ही उतरती चक्रवाढ मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिली, की वेगळ्या उपदेशाची गरज फारशी उरत नाही.

फुकट दिसणाऱ्या खेळांतही ‘नाणी’ व ‘हिरे’ विकत घेण्याची सोय असते आणि ते पैसे पालकांच्या खात्यातून जातात, हेही सांगावे. याच वेळी तीन नियम पाठ करून घ्यावेत : पैसे मिळविण्यासाठी गुप्त अंक कधीही टाकावे लागत नाहीत, आलेला ओटीपी कोणासही सांगावयाचा नाही, फसवणूक झाल्याचे कळताच विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावयाचे. अशा फसवणुकींच्या गोष्टी चित्रांसह सांगणारी ‘राजू आणि चाळीस चोर’ या अर्थाच्या नावाची पुस्तिका रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केली आहे. तिचा पूरक वाचनासाठी उपयोग करावा.

शिक्षकांनी पाळावयाची पथ्ये

(१) वर्गात कोणत्याही मुलाच्या घरची कमाई, कर्ज वा शिधापत्रिकेचा रंग विचारू नये. कुटुंब नेहमी काल्पनिकच असावे. मूल आपण होऊन काही सांगू लागले तर तास संपल्यावर एकांतात ऐकावे.

(२) वडील किंवा भाऊ मोबाईलवर पैसे हरल्याचे एखाद्या मुलाने सांगितल्यास ते गावात फुटू देऊ नये. मुलाचा विश्वास एकदा गेला की तो परत मिळत नाही.

(३) कोणताही खेळ वर्गात दाखविण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः शेवटपर्यंत खेळून पाहावा. ज्यात मुलाचे नाव, दूरध्वनी क्रमांक किंवा पैसे मागितले जातात, तो खेळ वर्गात आणू नये.

(४) जिंकलेल्या गटास बक्षीस देऊ नये. या पाठात जिंकणे नाही. निर्णयाचे कारण सांगता येणे हेच यश.

(५) आहेर, सण, देवदर्शन या खर्चांची टवाळी करू नये. नात्यागोत्याच्या आधारावरच गरीब घर अडचणीत तगते. किती करावे हा प्रश्न विचारावा. का करता, असे हिणवू नये.

मूल्यमापन व स्वाध्याय

लेखी परीक्षेपेक्षा पुढील कामांवरून प्रगती पाहावी. (अ) शाळेच्या सहलीचे अंदाजपत्रक गटाने तयार करणे. (आ) ६०० रुपये दरमहा शेकडा दोन दराने सहा महिन्यांसाठी घेतल्यास सरळव्याजाने एकूण किती द्यावे लागतील, ते काढणे. (इ) वर्गासाठी नव्या चार चिठ्ठ्या रचणे. हा शेवटचा स्वाध्याय सर्वांत मोलाचा आहे. मुलांनी लिहिलेल्या चिठ्ठ्यांतून गावाचे खरे अर्थकारण शिक्षकास वाचावयास मिळते.

पूर्वी अनेक शाळांत संचयिका चालत असे व मुलेच तिचे हिशेब ठेवीत. ती बंद पडली असल्यास मुलांच्या बचतीस निराळी वाट दाखवावी. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास टपाल कार्यालयात स्वतःच्या नावे बचत खाते उघडून चालविता येते. बँकांसही रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या निर्देशांत तशी परवानगी दिलेली आहे. गावच्या टपाल कार्यालयास वर्गाची एक भेट या पाठाचा उत्तम शेवट ठरेल.

समारोप

संगणक असो वा चिठ्ठ्या, साधन गौण आहे. खेळात चूक केली तर पुन्हा आरंभापासून खेळता येते. संसारात तशी सोय नसते. म्हणूनच त्या चुका वर्गात, बारा रुपयांच्या हिशेबात आणि चिंचोक्यांच्या नाण्यांत करून घ्याव्यात. ज्या मुलीची सायकल या खेळात एका गटाने पुढे ढकलली, तिच्यासारखी एखादी मुलगी त्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेली असते. ती पुढील महिन्यातही त्याच बाकावर दिसली, तर हा पाठ योग्य ठिकाणी पोहोचला असे शिक्षकाने मानावे.